मुनीरभाईंचा गुलाल

मुनीरभाई मला कळले, असं मी आजही छातीठोकपणे म्हणणार नाही. आमच्या बियाण्याच्या कारखान्यात ते हंगामी कामगारांना सुरक्षेचं शिक्षण द्यायचे आणि मी स्टोअर सांभाळायचो, अजूनही सांभाळतो. ते आष्टीचे, मी परतूरचा. परतूरहून जालन्याला आम्ही एकाच गाडीनं जायचो आणि एकाच गाडीनं परत यायचो. इतकी वर्षं मांडीला मांडी लावून बसलो, पण हा माणूस शहाणा आहे की नुसताच हट्टी, याचा मला काही पत्ता लागला नाही.

आता हेल्मेटचंच घ्या. आष्टीहून परतूर स्टेशनपर्यंत ते मोटरसायकलवर यायचे. हेल्मेट हँडलला लटकवलेलं. स्टेशनात गाडी लावली की ते काढून कोपरात अडकवायचे, रेल्वेत मांडीवर घ्यायचे आणि जालन्याला उतरल्यावर कारखान्यापर्यंत रिक्षातही मिरवायचे. म्हणजे डोकं सोडून हेल्मेट सगळीकडे. मी एकदा न राहवून विचारलं तर म्हणाले, "बाबू, गाडीपाशी ठेवलं तर चोरीला जाईल ना."

"अहो, पण घालत का नाही?"

"गरम होतं," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

आणि हाच माणूस कारखान्यात कुणाच्या हातमोज्याचं एक बोट जरी फाटलेलं दिसलं तरी आख्खं मशीन बंद करायचा.

आमच्याकडचं काम थोडक्यात सांगतो. शेतकऱ्याच्या हातात जाणारं बियाणं आधी निवडतात, चाळतात आणि मग त्याला कीडनाशकाचा लेप देतात. त्या लेपात गुलाबी रंग असतो. हे बियाणं खायचं नाही, कोंबड्यांना टाकायचं नाही, हे लांबूनही कळावं म्हणून. हे काम वर्षातून काही महिनेच चालतं. त्यासाठी गुत्तेदार आजूबाजूच्या गावांतून टेम्पो भरून बाया आणतो. आज आलेली उद्या येईलच असं नाही. शेतात निंदणी निघाली की निम्मा टेम्पो गळतो आणि गुत्तेदार दुसऱ्या गावातून नवीन चेहरे भरतो.

मुनीरभाई रोज सकाळी फाटकातच उभे असायचे. टेम्पो थांबला की मोठ्यानं विचारायचे, "नवीन कोण कोण हाये? उतरा. जुन्यांनीबी उतरा."

गुत्तेदार कपाळाला हात लावायचा. "भाई, ह्या जुन्या बायांना किती डाव शिकवता? चार हंगाम झाले त्यांचे."

"हंगामी माणसाला वर्षभर दुसरी कामं असतात. तो इसरून येतो. त्यात त्याचा काय गुन्हा?"

त्या दोघांची रोज सकाळी जुंपायची. प्लँटचे साहेब वरून काचेतून बघायचे आणि घड्याळ दाखवायचे. मुनीरभाई त्यांना सलाम करायचे आणि चालू ठेवायचे.

शिक्षण म्हणजे आधी कंपनीचा व्हिडिओ असायचा. त्यात गोरागोमटा कामगार निळा सूट घालून हिंदीत काहीतरी सांगायचा. बाया पंख्याखाली बसून शांतपणे डुलक्या काढायच्या. शेवटी अंगठे घ्यायचे आणि झालं शिक्षण. मुनीरभाईंनी पहिल्याच हंगामात त्या व्हिडिओचा पडदा गुंडाळून माझ्या स्टोअरात आणून टाकला आणि म्हणाले, "ह्याला उंदरापासून सांभाळा." मग ते जालन्याच्या बाजारात गेले आणि गुलालाची गोणी घेऊन आले. दुकानदारानं विचारलं म्हणे, "चाचा, कोणत्या मंडळाचे अध्यक्ष झालात?"

गुलालाचा तो प्रकार मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मलाही ते डोक्यावर पडलेत असंच वाटलं. त्यांनी साध्या मक्याच्या दाण्यात गुलाल कालवला. विष नाही, काही नाही. बायांना हातमोजे दिले आणि चहापर्यंत तेच दाणे पिशव्यांत भरायला लावले. काही सूचना केल्या नाहीत. बाया नेहमीसारख्या काम करत राहिल्या, मधूनच पदर सारखा करत, पाणी पीत, गप्पा मारत. चहाच्या वेळी त्यांनी न्हाव्याच्या दुकानातून मागून आणलेला मोठा आरसा भिंतीला लावला आणि एकेकीला पुढं बोलावलं.

काय हसल्या बाया! कुणाच्या कानाच्या पाळीला गुलाल, कुणाच्या नाकाच्या शेंड्याला, कुणाच्या पाण्याच्या बाटलीच्या तोंडाला. मिश्रीच्या डब्या तर गुलाबीच झालेल्या. आमच्याकडच्या बाया भाजलेल्या तंबाखूची पूड बोटानं दातांना लावतात, त्याशिवाय त्यांना काम सुधरत नाही. तर त्या बोटांचा गुलाल थेट हिरड्यांपर्यंत पोचलेला. एकीनं दुसरीचे दात बघायचे आणि दोघींनी पोट धरून खाली बसायचं, असा सगळा धिंगाणा चालला होता.

मग एक तरणी बाई बाहेर झाडाखालच्या झोळीतून आपलं तान्हं उचलून आत आली. मधेच ती त्याला पाजायला गेली होती. बाळाचा एक गाल आणि हनुवटी गुलाबी झालेली.

हसणं हळूहळू थांबलं. ती बाई पदरानं बाळाचा गाल पुसत राहिली. मुनीरभाई एवढंच म्हणाले, "चला. हात धुवायला चला." आणि सगळ्या जणी निमूटपणे नळाकडे गेल्या.

त्या दिवसापासून आमच्या शेडमध्ये गुलाबी रंगाची अशी काही दहशत बसली की विचारू नका. कुणाच्या मनगटावर ठिपका दिसला तरी चार जणी ओरडायच्या. या सगळ्यांत तरबेज म्हणजे सुभद्राबाई. मंठ्याच्या रस्त्याला एका वाडीतल्या धनगराच्या घरची, चाळिशी उलटलेली, आवाज असा की शेतातून मेंढ्या वळवाव्यात. दर हंगामाला न चुकता यायची. हातमोजे काढल्यावर ती दोन्ही हात उन्हात धरायची, उलटेपालटे करायची, नखांच्या कडा बघायची आणि मगच मिश्रीच्या डबीला हात लावायची. मिश्रीला शेडमध्ये बंदी होती, पण ती सोडवणं मुनीरभाईंनाही जमलं नव्हतं. नवीन बायांना ते सांगायचे, "मला ऐकू नका. सुभद्राआक्काला पाहा." आणि सुभद्राबाई खोटंखोटं रागावून म्हणायची, "भाई, मला काहून मास्तरीण करून राह्यले? पगार तुम्ही घेता ना."

मला वाटायचं, चला, निदान एवढं तरी या माणसाचं सरळ आहे. तर नाही. एकदा रविवारी मला आष्टीच्या बाजारात काम होतं, म्हणून जाता जाता त्यांच्या शेताकडे वळलो. बघतो तर मुनीरभाई कपाशीवर फवारणी करत होते. अंगात बनियन, कमरेला लुंगी, पाय अनवाणी, तोंडावर साधा रुमालसुद्धा नाही. वारा उलटा. सगळा फवारा अंगावर येत होता.

मी बांधावरूनच ओरडलो, "मुनीरभाई, हे काय?"

त्यांनी पंप थांबवला. मला वाटलं, शरमतील. छे! म्हणाले, "इथं कोण ओरडनार हाये मला? शेत माझं, अंग माझं."

"आणि तिकडे बायांना सांगता ते?"

"त्यांचं अंग माझं न्हाई ना बाबू. म्हणून सांगतो."

हे उत्तर मी गाडीत, घरी, जेवताना उलटसुलट करून पाहिलं. कधी ते फार थोर वाटतं आणि कधी शुद्ध मूर्खपणा. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "त्यांच्या बायकोला विचारा." ते काही मी विचारलं नाही.

मग तो हंगाम आला. त्या वेळी कंपनीनं कीडनाशक बदललं. आधीचं रंग घालूनच यायचं. हे नवीन साध्या पाण्यासारखं यायचं आणि रंग आमच्याकडे, मशीनमध्ये ओतताना मिसळायचा होता. कॅन उतरवून घेतले तेव्हा मुनीरभाई स्टोअरात आले, एक कॅन उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी सगळ्या बायांना गोळा केलं. मी दारातच होतो, माझ्या कानांनी ऐकलं. ते म्हणाले, "हे पाहा. ह्यात रंग न्हाई. पर इख हाये. बिलकुल तेच इख. मशीनमधी जाईपर्यंत ते दिसनार न्हाई. समजलं का?"

"व्हय," सगळ्या म्हणाल्या. सुभद्राबाईचा आवाज सगळ्यांत मोठा.

दोन-तीन दिवस नीट गेले. मग एका दुपारी सुभद्राबाई मशीनपाशी कॅन ओतायला होती. झाकण काढताना थोडं कीडनाशक मोज्याच्या आत गेलं असावं. काम झालं, तिनं मोजे काढले. नेहमीप्रमाणे उन्हात जाऊन हात धरले, उलटेपालटे केले, नखांच्या कडा पाहिल्या. कुठं गुलाबी टिपूस नाही. तिनं डबी काढली आणि भिंतीला टेकून निवांत मिश्री लावली.

थोड्या वेळानं ती म्हणाली, डोळ्यांपुढं धूसर होतंय. मग घामानं चोळी भिजली, तोंडातून लाळ यायला लागली आणि ती बसल्या जागी कलंडली.

बाया किंचाळत धावल्या. "टेम्पोत घाला, दवाखान्यात न्या!" मुनीरभाईंनी मात्र तिला आधी नळाखाली घेतलं. तिचं तोंड धुतलं, हात कोपरापर्यंत साबणानं धुतले, बायांना तिचं भिजलेलं लुगडं काढून दुसरं गुंडाळायला लावलं. एकजण त्यांच्या अंगावर धावून गेली, "बाई मरून राह्यली अन् तुम्ही अंघोळ काय घालता?" त्यांनी तिच्याकडे बघितलंही नाही. मग रिकामा कॅन डॉक्टरला दाखवायला बगलेत मारला आणि सुभद्राबाईला धरून टेम्पोत बसले. त्यांच्या ओठांची सारखी हालचाल चालली होती. दुवा म्हणत होते की स्वतःलाच काही सांगत होते, कोण जाणे.

सुभद्राबाई वाचली. डॉक्टर म्हणाले, अंग धुतलं आणि कॅन आणला म्हणून सोपं गेलं. शुद्धीवर आल्यावर ती सगळ्यांना एकच सांगायची, "भाईचं काही चुकलं न्हाई. मी हात पाह्यले व्हते. रंग न्हवता." मुनीरभाई तिथंच खाटेच्या पायथ्याशी उभे असायचे. हे ऐकलं की ते बाहेर व्हरांड्यात निघून जायचे.

कारखान्यात साहेबांनी बैठक बोलावली. कंपनीचे वरचे लोक आले होते. साहेबांचं म्हणणं अगदी सुटसुटीत होतं. बाईला सूचना दिली होती, मिश्रीला बंदी होती, तिनं हात न धुता ती लावली, म्हणजे चूक तिची. दवाखान्याचं तिचं तिनं आणि गुत्तेदारानं बघावं, आणि पुन्हा तिला फाटकातून आत घेऊ नये. "मुनीरभाई, तुम्ही सांगितलं होतं ना, की यात रंग नसला तरी विष आहे?"

मी त्यांच्या मागं बसलो होतो. एका शब्दानं काम भागणार होतं, आणि तो शब्द खरा होता. मीच साक्षीदार होतो.

"सांगितलं व्हतं," मुनीरभाई म्हणाले.

"झालं तर मग."

"सांगितलं व्हतं साहेब. शिकवलं न्हवतं." ते उठून उभे राहिले. "चार हंगाम मी तिला शिकवलं, रंग दिसला तर भ्यायचं. मंग तिनं रंग पाह्यला. न्हाई दिसला, न्हाई भ्याली. तिनं बराबर केलं. माझी सगळ्यात हुशार बाई हाये ती. दुसरी एखादी आळशी असती तर माझं ऐकलं नसतं अन् सवयीनं हात धुतले असते. हिनं माझं ऐकलं."

साहेब म्हणाले, "म्हणजे तुमचं प्रशिक्षण चुकीचं होतं, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मला म्हाईत न्हाई," मुनीरभाई म्हणाले. "गुलाल नसता तर पहिल्याच वर्षी कुणीतरी गेलं असतं, असंबी वाटतं. अन् गुलाल नसता तर आक्का आजारी पडली नसती, असंबी वाटतं. दोन्ही खरं हाये. आता ह्यातलं काय धरायचं ते तुम्ही सांगा. पर तिची चूक न्हाई."

वरच्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. शिक्षणच चुकलं असं कंपनीच्याच माणसानं सांगितल्यावर दवाखान्याचा खर्च कंपनीनं उचलला आणि सुभद्राबाईला कामावर यायला मोकळीक ठेवली. मुनीरभाईंना मात्र पुढच्या महिन्यापासून येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. त्यांनी स्टोअरात येऊन हातमोजे, मास्क, सगळं माझ्याकडे जमा केलं. मी चिडलो होतो. म्हटलं, "काय गरज होती? सगळ्यांनी ऐकलं होतं तुम्ही सांगितलेलं. मी बोललो असतो." ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मीच काहीतरी परक्या भाषेत बोलतोय. मग म्हणाले, "चला, गाडीचा टाइम झाला."

त्यानंतर ते गाडीत दिसेनासे झाले. नवीन शिक्षक आला, व्हिडिओचा पडदा परत लागला. सुभद्राबाई मात्र कामावर आली नाही. तिच्या वाडीच्या बायांनी सांगितलं, ती बरी आहे पण तिला हाताचं भ्याव बसलंय. दिवसभर हात धुते. रंग दिसला असता तर निघाला की नाही ते कळलं असतं. हे दिसतच नाही, तर गेलं कशावरून? पिठात हात घालत नाही, नातवाला घेत नाही. सून हातात ताट देते तेवढं चमच्यानं खाते.

हे मी मुनीरभाईंना फोनवर सांगितलं. पुढच्या रविवारी ते आष्टीहून थेट तिच्या वाडीला निघाले आणि मला म्हणाले, तुम्हीही या. मी का गेलो, मलाच ठाऊक नाही.

सुभद्राबाई ओट्यावर बसली होती, हात पदरात गुंडाळून. आम्हाला बघून उठली नाही. सुनेनं चटई टाकली, पाणी दिलं. इकडचं तिकडचं बोलणं झालं, पाऊसपाणी, मेंढरं. मग अचानक तिनं हात बाहेर काढले आणि मुनीरभाईंसमोर धरले. साबणानं कातडी सोललेली, बोटांना भेगा.

"भाई, तुम्ही पाहा. तुम्हालाच समजतं. हाय का अजून काही?"

त्या हातांत काही नव्हतं. इतक्या महिन्यांनी काय असणार? मला ते ठाऊक होतं आणि त्यांनाही. वाटलं, आता ते म्हणतील, साफ आहेत आक्का. एवढंच तर ऐकायचं होतं तिला. पण तसं ते म्हणाले नाहीत. त्यांना बोलवत नव्हतं, की आपल्या सांगण्यावर त्यांचाच भरवसा राहिला नव्हता, मला कळेना.

"भूक लागली," ते म्हणाले. "भाकर करा."

सून चुलीकडे वळली.

"तू न्हाई माय. आक्कानं करायची."

"न्हाई भाई," सुभद्राबाई मागं सरकली. "माझ्या हाताची न्हाई. तुम्हाला काही झालं तर?"

"मंग बसतो इथंच," असं म्हणून त्यांनी भिंतीला पाठ टेकवली.

ती रडली, चिडली, सुनेला म्हणाली ह्यांना समजाव. ते हलले नाहीत. ऊन ओट्यावरून उतरून अंगणात गेलं तेव्हा ती उठली. पुन्हा एकदा हात धुतले. परातीत ज्वारीचं पीठ घेतलं आणि किती तरी वेळ नुसतीच त्याच्याकडे बघत राहिली. मग बोटांच्या टोकांनी, चटका बसेल की काय अशा बेतानं, पीठ मळायला घेतलं. पहिली भाकर जरा वाकडीच झाली.

मुनीरभाईंनी ती गरम गरम घेतली, मीठ-मिरचीशी लावून खाल्ली. ती चूल सोडून त्यांच्या तोंडाकडे बघत होती. प्रत्येक घास खाली उतरेपर्यंत तिची नजर हलत नव्हती. दुसरी भाकर माझ्या ताटात आली. मला सगळं ठाऊक असूनही पहिला घास उचलायला मला क्षणभर वेळ लागला. भाकर चांगली खरपूस भाजलेली होती.

मुनीरभाईंनी ताट पुढं केलं.

"अजून एक द्या आक्का. ही जरा कच्ची राह्यली."

सुभद्राबाईनं डोळे पुसले नाहीत, काही नाही. तिचा तो शेडभर घुमणारा आवाज कुठून परत आला देव जाणे.

"कच्ची? माझी भाकर कच्ची? चार पोरं वाढवली मी ह्या भाकरीवर! थांबा, दाखवते तुम्हाला."

आणि तिनं दोन्ही हात मनगटापर्यंत पिठात घातले.